सेनापतीनं परत घेतलेली शपथ

डोंगरांच्या वळचणीला पळसखोरं नावाचं एक लहानसं राज्य होतं. मानाजीराव त्या राज्याचे सेनापती. माणूस करडा, पण मनाचा वाईट नव्हता. एखाद्या शिपायाचं पोर आजारी पडलं, तर स्वतःच्या घरून दूध पाठवणारा. सगळी फौज त्यांना आबासाहेब म्हणायची.

एके वर्षी नदीपलीकडच्या राजाशी लढाई जुंपली. ही लढाई जुन्या तऱ्हेची नव्हती. घोडे आणि तलवारी मागे पडल्या होत्या. पळसखोऱ्याच्या फौजेकडे एक मोठा फुगा होता, देवळाच्या कळसाहूनही उंच जाणारा. त्यात हलका वायू भरला की तो वर चढे. खाली जाड दोरखंडानं तो रहाटाला बांधलेला असे, आणि पोटाशी वेताचा एक पाळणा टांगलेला असे. पाळण्यात टेहळ्या उभा राही. शत्रूची माणसं कुठून कुठे चालली आहेत, हे तो दुर्बिणीनं बघे आणि टेलिफोनवरून खाली सांगे. फुग्याच्या राखणीला राज्याची मोजकी विमानं आभाळात घिरट्या घालीत.

फुगा म्हणजे आगीशी खेळ. शत्रूच्या विमानातली एक पेटती गोळी लागली की भडका. म्हणून टेहळ्याला रेशमी छत्री दिलेली असे. तिची घडी पाळण्याबाहेर एका पिशवीत बांधलेली, आणि दोरी टेहळ्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना अडकवलेली. त्यानं उडी टाकली की त्याच्याच भारानं छत्री बाहेर ओढली जाई, वाऱ्यानं फुले आणि माणूस अलगद जमिनीला लागे. गावातल्या बायका देवळाच्या सभामंडपात बसून या छत्र्या शिवत. देवाचं नाव घेत टाका घालत. आपण शिवलेली छत्री वर गेली की तो फुगा सुखरूप खाली येईपर्यंत काहीजणी तोंडात पाणीही घेत नसत.

विमानातल्या माणसांना मात्र छत्री नव्हती. ती द्यायची नाही असं आबासाहेबांनीच ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पुलावरच्या लढाईत आबासाहेबांची तुकडी पाठ फिरवून पळाली होती. मागची वाट मोकळी होती, आणि शिपाई त्या वाटेनं निघून गेले. आबासाहेबांचा धाकटा भाऊ तेवढा पुलावर राहिला आणि तिथंच मारला गेला. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं एकच घेतलं, की परतीची वाट दिसली की माणूस पुढे बघत नाही. फुग्यातल्याची गोष्ट वेगळी, तो बिचारा दोरीला बांधलेला. पण विमान चालवणाऱ्याच्या हातात विमान असतं. त्याला छत्री दिली तर पहिल्या गोळीलाच तो उडी टाकील, आणि विमान जाईल ते जाईलच.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. लढाईला तोंड लागायच्या आधी त्यांनी सगळ्या वैमानिकांना देवळात नेलं आणि देवासमोर बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन प्रत्येकानं शपथ घेतली, की विमान घेऊनच परतीन, नाहीतर परतणार नाही. तरणी पोरं ती. त्यांना या शपथेचा अभिमानच वाटला. फुग्याचे टेहळे कंबरेला पट्टे आवळून निघाले की ती हसत विचारायची, “काय राव, छत्री घेऊन निघालात, आज पाऊस आहे वाटतं?” टेहळेही हसत आणि वर जात.

मग एके दिवशी शिदू नावाच्या वैमानिकाचं विमान पेटलं. खालून सगळ्यांना दिसलं. शिदू शेवटपर्यंत विमानाला धरून राहिला. त्याला दुसरं काही करताच येण्यासारखं नव्हतं. आबासाहेबांनी त्याला वाजतगाजत निरोप दिला, सगळ्यांदेखत त्याच्या आईच्या पायाला हात लावला. लोक म्हणाले, पोरगा शपथेला जागला. पण त्या दिवशी आबासाहेबांना घास गिळवला नाही. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा त्यांच्या दाराशी आली. सगुणा अंबाजी वैमानिकाची बायको. देवळात छत्र्या शिवणाऱ्यांत तिचा हात सगळ्यांत साफ. नवऱ्याला लढाईवरून परत बोलवा असं तिचं म्हणणं नव्हतं. त्याच्यासाठी एक छत्री शिवू द्या, एवढंच ती मागत होती. मी शिवलेल्या छत्र्यांनी दुसऱ्यांची माणसं खाली उतरतात, त्याचा मला आनंदच आहे, ती म्हणाली. पण घरी गेलं की हात रिकामे वाटतात.

आबासाहेबांनी तिला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाले, “पोरी, अंबाजीनं बेलभंडार उचललाय. मी काय करू?”

“शपथ त्यानं मागितली नव्हती, आबासाहेब,” सगुणा म्हणाली. “ती तुम्ही घ्यायला लावलीत.”

एवढं बोलून ती उठली. आबासाहेब तिच्यावर रागावले नाहीत. पण त्यांनी छत्रीही दिली नाही.

त्याच आठवड्यात शत्रूनं नदी पायी ओलांडायच्या वरच्या उतारापाशी गर्दी केली. सकाळीच फुगा वर गेला. पाळण्यात हैबती नावाचा टेहळ्या होता, चार घरी चेष्टामस्करी करणारा, गोष्टीवेल्हाळ गडी. त्या दिवशी टेलिफोनपाशी आबासाहेब स्वतः बसले होते. आपली विमानं दूर दुसऱ्या टोकाला अडकली होती. तेवढ्यात डोंगराआडून शत्रूचं विमान निघालं ते नीट फुग्यावरच चालून आलं.

रहाटावरच्या माणसांनी फुगा खाली ओढायला सुरुवात केली. वरून हैबतीचा आवाज आला, की ओढू नका, पाळणा हलतो, दुर्बीण धरता येत नाही. रहाट थांबला. विमानानं एक फेरी मारली. पहिल्या गोळ्या हुकल्या.

आबासाहेबांनी टेलिफोन कानाशी धरूनच वर बघितलं. त्यांना वरचा तो एवढासा पाळणा दिसत होता आणि त्यातलं माणूस दिसत होतं. विमान वळून पुन्हा येत होतं.

“हैबती, पुरे झालं. उडी टाक,” ते म्हणाले.

“जरा थांबा, आबासाहेब. खालच्या अंगाला बांबूच्या बनात काहीतरी हलतंय.”

“अरे, माझं ऐक. बन राहू दे. उडी टाक, बाळा.”

आपण काय बोलतो आहोत हे आबासाहेबांच्या ध्यानातही आलं नाही. छत्री दिली की माणूस पळतो, असं जन्मभर म्हणणारा माणूस आज छत्रीवाल्याला पळ म्हणून विनवत होता, आणि छत्रीवाला हलायला तयार नव्हता.

पुन्हा हैबतीचा आवाज आला, अगदी शांत. वरच्या उताराची गर्दी ही नुसती हूल आहे, तो म्हणाला. खरी फौज बांबूच्या बनातून घाटवाडीकडे चालली आहे. गाव रिकामं करा, तोफा तिकडे वळवा. तेवढं सांगून झालं आणि टेलिफोन मुका झाला. वर बघितलं तर फुग्यानं पेट घेतला होता. त्या ज्वाळेतून एक काळा ठिपका सुटला, दगडासारखा खाली आला, आणि मग पांढरं रेशीम फुललं. आबासाहेबांनी हात जोडले. कुणाला जोडले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घाटवाडी वाचली. तोफा वेळेवर वळल्या आणि शत्रू बनातूनच माघारी गेला.

हैबती एका ज्वारीच्या शेतात सापडला. भुवया करपल्या होत्या, पाय मुरगळला होता, पण तोंड चालूच होतं. रहाटवाल्यांना सांगा, तो म्हणाला, आज फुगा खाली ओढायचे कष्ट वाचले. सगळे हसले. आबासाहेब हसले नाहीत. ते त्याच्याजवळ बांधावर बसले आणि त्यांनी हळूच विचारलं, “तुझ्याकडे छत्री होती. मग आधीच का नाही उडी टाकलीस?”

हैबतीला प्रश्नाचंच नवल वाटलं. “छत्री होती म्हणून तर थांबलो, आबासाहेब. ती नसती तर सगळा जीव त्या विमानाकडे लागला असता. बनाकडे बघायला डोळे कुठून आणले असते?”

आबासाहेब घरी चालत आले. वाटेत त्यांना तो जुना पूल आठवला. शिपाई पळाले खरे. पण पळण्याआधी ते कितीतरी दिवस अर्धपोटी होते, आणि त्यांच्याकडे वळून बघणारं कुणी नव्हतं. वाट मोकळी होती म्हणून ते गेले नव्हते. आपण कुणाला नकोच आहोत असं वाटलं, म्हणून गेले होते. इतकी वर्षं आबासाहेबांनी दोष वाटेला दिला होता.

त्यांनी वैमानिकांसाठी पाठीला बांधायच्या छत्र्या शिवायला सांगितल्या. बायकांनी तर उपासाच्या दिवशीही सुई खाली ठेवली नाही. पण छत्र्या तयार झाल्यावर वैमानिकांनीच नकाराची मान हलवली. अंबाजी पुढे होऊन म्हणाला, “आबासाहेब, छत्री पाठीला बांधली तर देवाला काय सांगू? आम्ही बेल उचललाय.”

पोरं हट्टी नव्हती, शब्दाची पक्की होती. आबासाहेब देवळात गेले आणि त्यांनी गुरवाला विचारलं, की अशी शपथ सुटते कशी? म्हातारा गुरव म्हणाला, ज्यानं घ्यायला लावली त्यानं ती आपल्या ओंजळीत परत घ्यायची. प्रत्येकानं आपला बेल त्याच्या हातात ठेवायचा. पण त्याआधी त्यानं देवासमोर, चारचौघांत सांगायचं, की शपथ घ्यायला लावली ही चूक माझी होती.

आबासाहेब बराच वेळ पायरीवर बसून राहिले. राजापुढे चूक कबूल करायला त्यांना लाज वाटली नसती. शिपाई हसतील याचीही त्यांना फारशी फिकीर नव्हती. पण देवळात शिदूची आई असणार होती. ती रोज येई. शपथ चुकीची होती असं म्हटलं, म्हणजे तुझा लेक उगीच गेला असंच तिला सांगायचं. आणि नाही म्हटलं, तर उद्या आणखी कुणाच्या तरी आईच्या पायाला हात लावायचा.

पुढच्या सोमवारी सभामंडप भरला. आबासाहेब देवासमोर उभे राहिले. ते कधी अडखळत बोलत नसत, पण त्या दिवशी अडखळले. “मी भ्यालो होतो,” ते म्हणाले. “माझी भीती मी या पोरांच्या हातात बेल म्हणून दिली. त्यात शिदू गेला. त्यानं शब्द पाळला. चूक माझी होती.”

त्यांनी ओंजळ पुढे केली. अंबाजीनं त्यात बेलाचं पान ठेवलं. मग एकेक करून सगळ्या वैमानिकांनी ठेवलं. आबासाहेब मान खाली घालून उभे होते, ओंजळ मागे घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शिदूची आई उठली. ती सावकाश चालत आली. देवापुढच्या तबकातून तिनं एक पान उचललं.

“माझ्या शिदूचा राहिलाय,” ती म्हणाली, आणि तिनं ते पान त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

आबासाहेबांच्या डोळ्यांना धार लागली. त्या माउलीनं त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, पदरानं स्वतःचे डोळे टिपले आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. गुरवानं घंटा वाजवली.

त्यानंतर वैमानिक छत्री बांधून वर जाऊ लागले. कुणी पळालं नाही. उलट ती पोरं पूर्वीपेक्षा निर्धास्त लढू लागली. गोळ्यांनी चाळण झालेली विमानं घेऊन कितीतरी वेळा ती परत आली, छत्रीची घडी तशीच पाठीवर ठेवून.

पावसाळ्याच्या तोंडावर अंबाजीच्या विमानाला आग लागली. खाली वस्ती होती. त्यानं धुरातच विमान वळवलं, नदीच्या वाळवंटाकडे त्याचं तोंड केलं आणि मगच उडी टाकली. छत्री उघडली. रेशीम एका बाभळीत अडकलं आणि अंबाजी जमिनीपासून हातभर वर लोंबकळत राहिला. सगुणा धावत आली. तिनं आधी त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग काट्यांनी फाटलेल्या रेशमाकडे बघून ती म्हणाली, “बरोबर बाभळच सापडली तुम्हाला?” आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली.

आबासाहेब पोचले तेव्हा अंबाजीला खाली उतरवलं होतं. त्यांना बघताच तो उठून उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “आबासाहेब, विमान गेलं.”

पलीकडे वाळवंटात अजून धूर निघत होता. आबासाहेबांनी तिकडे वळूनही बघितलं नाही. त्यांनी अंबाजीच्या अंगावरची राख हातानं झटकली.

“सकाळपासून काही खाल्लंस का?” त्यांनी विचारलं.

तात्पर्य: परतीची वाट बंद केल्यानं माणूस शूर होत नाही. ज्याचा जीव आपण जपतो, तोच आपलं काम जिवापाड जपतो.