शिंकेची अंगाई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ आणि राज्यं एवढीशी, की इकडचा राजा शिंकला तर तिकडच्या राजाला ऐकू जाई. म्हणून आपल्या गोष्टीतला राजा शिंकेला फार भीत असे. त्याच्या घराण्याची अंगाईच मुळी शिंकेची होती.

त्याचं असं झालं. राजाची पणजी मिरच्या कांडून पोट भरायची. शेजारी बाळाची झोळी टांगायची, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि कांडता कांडता गायची,

"नीज माझ्या राजसा, झुलतो तुझा झोका,
कांडण माझं सरलं की घेईन तुझा मुका... आक्छी!"

मिरचीच ती, शिंक येणारच. पुढे तिच्या मुलाने पराक्रम करून राज्य मिळवलं. मिरच्या गेल्या, शिंक राहिली. घरात आलेल्या सुनासुद्धा अंगाईबरोबर शिंकायला शिकल्या.

आता राजाला मुलगा झाला. बारशाला शेजारचा बलाढ्य राजा यायचा होता. घराणं पसंत पडलं तर तह, नाहीतर लढाई. राजाने थोरल्या बहिणीला, म्हणजे बाळाच्या आत्याला, बजावलं, "ताई, अंगाई दरबारचे गवई म्हणतील. तू शिंकायचं नाहीस. आपण मिरच्या कांडणाऱ्यांचे हे पाहुण्यांना कळलं, तर नाक कापलं जाईल!"

"बरं बाबा, सांभाळ तुझं नाक," ताई फणकारली.

बारशाला गवयाने गोड आलाप घेतला. बाळाने त्याच्यावरचा सूर लावला. गवई घामाघूम झाला, बाळ रडून रडून लालबुंद झालं. त्या आकांतात आत्याने कानात कुर्रर्र करायचं कसं आणि नाव सांगायचं कसं? पाहुणा राजा कपाळाला आठ्या घालून उठला. राजा त्याची मनधरणी करायला धावला. पण लेकराचा सुकलेला घसा ऐकून त्याला लढाईचंही भान राहिलं नाही.

"ताई, म्हण गं आपली अंगाई!"

"मला शिंकायची मनाई आहे, महाराज."

मग राजानेच दोरी धरली आणि भसाड्या आवाजात सुरू केलं. "...घेईन तुझा मुका... आक्छी!" मुकुट घसरून नाकावर आला.

बाळ गप्प झालं. राजा पुन्हा शिंकला, बाळाने जांभई दिली. पुन्हा शिंकला, तर राजाचा चुलता, राज्याचा सेनापती, भाल्याला टेकून उभ्या उभ्या घोरू लागला. ताईचा राग कुठल्या कुठे गेला. तिने डोळे पुसले आणि बाळाच्या कानात अलगद नाव सांगितलं. बायकांनी आत्याच्या पाठीवर बुक्क्याही हळूच मारल्या.

राजा मान खाली घालून पाहुण्याला म्हणाला, "आमची पणजी मिरच्या कांडायची."

पाहुण्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तो राजाच्या कानाशी लागला. "आमच्या अंगाईत उचकी आहे. पणजीला पाणी प्यायलाही सवड नसे."

तह झाला. बाळ निजलं होतं म्हणून तोही कुजबुजतच झाला.

तात्पर्य: अंगाई सुधारायची नसते, आली तशी पुढे द्यायची असते.