टिटवीचा पहारा आणि पाच बिया

एका जंगलात, नदी वळते तिथल्या वाळूत, एक टिटवी राहत असे. पान हललं तरी ती दचकायची. शेजारचे पक्षी हसून म्हणत, "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ती हीच." पण त्या उन्हाळ्यात तिची भीती काही खोटी नव्हती. वाळूच्या दांड्यावर टिटव्यांची सहा घरटी होती, लव्हाळ्यात दोन, आणि पलीकडच्या खडकांत हिचं एकटीचं. तिच्या चार अंड्यांपैकी तीन मुंगसाने पळवली होती. उरलं होतं एक.

पहारा बगळ्याकडे होता, आणि बगळा मोठा नेमाचा. ऊन करंजाच्या शेंड्यावर आलं की दांडा, मग लव्हाळं, मग खडक; त्यात पावलाचाही फरक नाही. तो खडकावरून वळला रे वळला की मुंगूस हजर. टिटवी चाचरत म्हणाली, "बगळेभाऊ, जरा वेळा बदलून पाहता का? त्याला तुमच्या फेऱ्या पाठ झाल्यात." बगळ्याने मान ताठ केली. "टिटवीताई, शिस्त म्हणून काही असते. जमत असेल तर तुम्हीच करा पहारा." आणि तो मासे टिपायला निघून गेला.

झालं, टिटवी पहाऱ्याला लागली. जिथे सळसळ ऐकू येई तिथे धावे. दोन दिवसांत मुंगसाने तेही ओळखलं. लव्हाळ्यात खडा उडवायचा, ती तिकडे धावली की दांड्यावरचं अंडं उचलायचं. रडवेली होऊन ती कासवाकडे गेली. "कासवआजोबा, मी ठरवून काहीच करत नाही, तरी त्याला कळतं कसं?"

"तू ठरवत नाहीस पोरी, तुझी भीती ठरवते," कासव म्हणालं. "आणि तिचा रस्ता त्याला ठाऊक झालाय." त्याने एका गढूळ डबक्यात तीन चिंचोके, एक सागरगोटा आणि एक बोराची आठळी टाकली. "डोळे मिटून चोच घाल. चिंचोका आला तर दांडा, सागरगोटा आला तर लव्हाळं, आठळी आली तर खडक. फेरी झाली की बी परत टाकायची, ढवळायची, पुन्हा उचलायची."

"माझ्या खडकाला एकच बी?"

"दांड्यावर घरटी जास्त, म्हणून बियाही जास्त. पण खडकाला एकही बी नसेल, तर मुंगूस तिथेच मुक्काम ठोकेल. आणि हे बघ, बी सांगेल तेच करायचं. मनाला विचारायचं नाही."

पहिल्या दिवशी दोनदा चिंचोका आला आणि तिसऱ्यांदा आठळी. टिटवी खडकावर उतरली, तो समोरच मुंगूस. तिने त्याच्या नाकावर अशी चोच मारली की तो कण्हत पळाला. दुसऱ्या दिवशी मात्र चिंचोकाच आला. ती दांड्याकडे निघाली आणि मागे खडकांत सळसळ झाली. मागे वळावं, एकदाच बघावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण काळजावर दगड ठेवून ती दांड्याकडेच गेली.

खडकाआड मुंगूस एक पाय उचलून थबकला होता. अंडं चार पावलांवर होतं, उघडं. "कालही अशीच दांड्यावर होती," तो पुटपुटला, "आणि मधूनच इथे उगवली. आता कधी येईल कोण जाणे." त्याने दुखरं नाक चाटलं, दोनदा मागे पाहिलं, आणि नुसतं पान हललं तसा दचकून तो नदीपल्याड पळाला तो पुन्हा आलाच नाही. तिन्हीसांजेला आठळी निघाली. टिटवी खडकावर पोचली, तेव्हा अंड्याला बारीक तडा गेला होता आणि आतून कुणीतरी टकटक करत होतं.

तात्पर्य : राखणदाराची चाल चोराला पाठ झाली की राखण वाया जाते, पण राखणदाराचं पाऊल कधी कुठे पडेल हे कळेनासं झालं, तर नसलेला राखणदारही चोराला दिसू लागतो.