पदरातली भाकर

एकदा एका डोंगरगावातल्या वृद्ध कथाकाराकडे एक शिष्या लेखन शिकत होती. तिने आपल्या आईवर कथा लिहिली. आई, चैती, आठ वर्षांची असताना तिला आणि धाकट्या भावाला, लाहनूला, दूरच्या निवासी शाळेत नेले होते. आपली बोली तोंडातून निघाली, की त्या दिवशी जेवण बंद! चैती परतली, लाहनू परतला नाही.

आणि शिष्येने कथेत काय योजावे? पिंजऱ्यातला पोपट! छाटलेले पंख, मुका कंठ, सारे साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी कथा आईला वाचून दाखवायची होती. आईने सहज विचारले होते, "त्यात मी मला सापडेन ना गं?" तेव्हापासून पोरीच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

गुरूंनी कथा वाचली आणि मायलेकींना जेवायला बोलावले. जेवणे आटोपली, टोपलीत नागलीची एकच भाकर उरली. गुरू शिष्येला म्हणाले, "चल, आपण अंगणात बसू. चैतीबाई येतील सावकाश." आता काय होणार, हे शिष्येला पक्के ठाऊक होते.

आई बाहेर आली. पदराला गाठ, गाठीत भाकर.

शिष्या शरमेने अर्धमेली झाली. "बाबा, माफ करा. कुठेही गेली तरी असंच करते ती."

"मग कथेत हे का नाही?"

"लोक चोर म्हणतील हो तिला!"

"कोणासाठी नेते, विचारलंस कधी?"

आईच बोलली, "लाहनूसाठी. त्याला उपाशी ठेवलं, की माझी अर्धी भाकर पदरात लपवून खिडकीतून द्यायची मी. एक दिवस खिडकीशी तो आलाच नाही. भाकर हातातच राहिली. तेव्हापासून रिकाम्या हातानं जेवणावरून उठवत नाही बघ."

गुरू हळूच म्हणाले, "बाळ, पोपट तू बाहेरून आणलास. भाकर तिची आहे, आणि तीच तू लाजेपोटी झाकलीस. प्रतीक शोधत हिंडू नये. माणसाने जे जन्मभर जपले, ते जसेच्या तसे लिहावे. त्यात काय साठले आहे, ते वाचणाऱ्याला उमगते."

दुसऱ्या सकाळी शिष्या आईसमोर बसली. हातात रात्री नव्याने लिहिलेली कथा होती. तिने पहिले वाक्य वाचले, "माझी आई पदरात भाकर बांधते."

चैतीचा हात पदराच्या गाठीकडे गेला. "हां, ही मी," ती म्हणाली. "आता लाहनूचं वाच."