कुलपाची किल्ली कुणाकडे

एकदा एका अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीत एक वृद्ध वायरमन मजुरांना विजेच्या सुरक्षिततेचे शिक्षण देण्यासाठी आले. लोक त्यांना गुंडूमिस्त्री म्हणत. ही विद्या शिकण्यासाठी त्यांच्यासोबत शर्वरी नावाची एक इंजिनिअर होती.

त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या तारा बदलायच्या होत्या. मिस्त्रींनी तळमजल्यावरचा मुख्य स्विच बंद केला आणि त्याला कुलूप घातले. किल्लीसाठी शर्वरीने हात पुढे केला. मिस्त्रींनी मात्र ती तारा बदलणाऱ्या सोनाजी नावाच्या कामगाराला दिली.

"काका, एकच किल्ली, आणि तीही त्याच्याकडे?" शर्वरीने विचारले. मिस्त्री पुढच्या कामाला लागले.

दुपारी ठेकेदार तावातावाने आला. काँक्रीट कालवून तयार होते आणि ते वर नेणारी लिफ्ट विजेअभावी अडली होती.

"मिस्त्री, कुलूप काढा. माल घट्ट होतोय."

"किल्ली सोनाजीकडे आहे."

"तो जेवायला गेला. मी स्वतः पाहिलं. तोडा ते कुलूप!"

"आधी तो दिसू दे," मिस्त्री म्हणाले आणि स्विचसमोर उभे राहिले. त्यांनी शर्वरीला वर पाठवले.

ती धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचली. सोनाजी शिडीवर होता. त्याच्या दोन्ही हातांत उघड्या तारा होत्या. ठेकेदाराने पाहिलेला माणूस दुसराच कुणीतरी होता. पिवळ्या हेल्मेटखाली सगळे सारखेच दिसतात.

सोनाजीने काम पुरे केले, खाली येऊन स्वतःच्या हाताने कुलूप उघडले. ठेकेदार लिफ्टकडे निघून गेला.

शर्वरी म्हणाली, "काका, ठेकेदार चुकतोय हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"ओळखलं नाही. मलाही त्याचं म्हणणं खरं वाटलं."

"मग कुलूप का नाही तोडू दिलंत?" तिने विचारले.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षं हे काम करतोय. तरी आज किल्ली माझ्या खिशात असती, तर मी कुलूप काढलं असतं. घाई समोर उभी असते, ती ओरडते. वरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी भल्या माणसालाही वाटतं, नसेल तो तिथं. फक्त सोनाजीला तसं वाटू शकत नाही. आपण कुठं आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं."

शर्वरीने सोनाजीच्या हातातल्या किल्लीकडे पाहिले. सकाळी किल्ली मागताना आपण सावध आहोत, असे तिला वाटले होते.