विडा देणारा आणि साकव ओलांडणारे

खाडीकाठच्या एका गावात सुतारांचं एक घर होतं, आणि त्या घरात एक नियम होता. ज्याने पानाचा विडा देऊन काम सोपवलं, फक्त त्यालाच विचारायचं. तो सांगेल तेवढंच घडवायचं. इतर कुणाला काही विचारायचं नाही, आणि या नियमाबद्दल तर कुणालाच काही विचारायचं नाही. नियम जुना होता. जुना म्हणजे शहाणाही असणार, असं घरातली थोर मंडळी धरून चालत.

खाडीचा एक फाटा गावात शिरला होता. अलीकडे देऊळ, बाजार आणि सुईणीचं घर. पलीकडे वाडी आणि गवताची कुरणं. मधल्या पाण्यावर साकव, म्हणजे लाकडी पूल. दर पावसाळ्यात साकवाचा मधला भाग मोडायचा आणि वाडी तुटायची. थोर म्हणायचे, "पुराने नेला." मग पुढच्या उन्हाळ्यात तसाच साकव पुन्हा उभा राहायचा.

त्या वर्षी तातू आजोबांचे हात थरथरू लागले होते. बाबीकाकांना नीट दिसत नव्हतं. म्हणून घरचा लाकूड तासायचा वाकस नात अनशीच्या हाती आला. अनशीची थोरली बहीण पलीकडच्या वाडीत दिलेली होती आणि तिचे दिवस श्रावणात भरणार होते.

विडा गावाचा पुढारी सोनू गावकर याने दिला. म्हणाला, "नवा साकव हवा. दोन्ही अंगांना छातीइतके उंच, भरीव कठडे हवेत."

"ऐकलंस ना? लाग कामाला," तातू आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, तो दरवर्षी मोडतो का?"

"पूर नेतो."

"नेताना कुणी बघितलंय?"

बाबीकाका भडकले. "थोरांना उलट विचारतेस? नियम मोडून साकव बिघडवलास, तर हा वाकस पुन्हा तुझ्या हाती दिसणार नाही."

"आणि नियम पाळून बिघडला तर, काका? श्रावणात ताईकडे सुईण उडत जाईल?"

बाबीकाकांना एकदम पान थुंकायची आठवण झाली. ते अंगणात निघून गेले.

अनशी वाडीत गेली. भागीवयनी गवत कापत होत्या. "वयनी, साकव कसा हवा?"

"कसापण चालेल गो बाय. तू देशील तो."

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात, "मजबूत हवा." अनशी रिकाम्या हाताने परतली. लोक काही लपवत नव्हते. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मग उत्तर तयार कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुणाला काही विचारलं नाही. डोक्यावर छातीपर्यंत लोंबणारा गवताचा भारा घेतला आणि भागीवयनींच्या मागे चालू लागली. वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जात होती. तिथे अनशीचा भारा दोन्हीकडे अडकला आणि ती जागीच अडली. वयनी मात्र खेकड्यासारख्या आडव्या होऊन पार निघून गेल्या.

"दगडी गडगा आहे, म्हणून मी आडवी चालते," वयनी हसत म्हणाल्या. मग थबकल्या. "अगो, गावकराचे ते उंच कठडे साकवावर आले, तर तिथेपण असंच चालायचं काय? खाली पाणी, डोक्यावर भारा!"

"उपकार झाले, वयनी," अनशी म्हणाली.

"कसले उपकार? आधी माझा भारा उतरवू लाग."

मग अनशीने मळ्यातल्या पाटावर बांबूंचा लुटुपुटूचा साकव घातला. माणसं बघायला जमली. "सुताराची पोर भातुकली खेळते!" असं म्हणून हसली. पण धाकू गुराखी आपली कपिला गाय घेऊन आला. कपिलेने एक पाय बांबूंवर ठेवला, फटीतून चमकणारं पाणी बघितलं आणि सरळ पाठ फिरवली.

"ही अशीच," धाकू म्हणाला. "पाणी दिसलं की संपलं. म्हणून तर भरती-ओहोटी बघून गुरं चिखलातून न्यावी लागतात."

अनशीने बांबूंवर चटया अंथरल्या. कपिला डुलत पार गेली.

माणसं पांगल्यावर सोनू गावकर आला. "मी सांगितलेले कठडे कुठे आहेत?"

"कठडे कशासाठी हवेत, गावकर?"

"कशासाठी म्हणजे? शोभेला."

"शोभेला छातीइतके उंच?"

"मग आधाराला म्हण."

"आधाराला कमरेइतका पुरतो."

गावकराने इकडेतिकडे बघितलं. धाकूला उगाच पाणी आणायला पिटाळलं. मग हळूच म्हणाला, "खाली पाणी दिसलं की मला गरगरतं. भिंतीसारखा कठडा असला की दिसणार नाही. कुठे बोलू नकोस हं."

अनशीने त्याला चटयांवरून चालवलं. हाताशी कमरेइतका एक बांबू धरायला दिला. गावकर पार गेला, आणि पलीकडे पोचल्यावर लहान मुलासारखा हसला. त्याचं आणि कपिलेचं दुखणं एकच निघालं होतं. अनशीने ते पोटात ठेवलं. फळ्यांमध्ये फट ठेवणार नाही, एवढंच तिने घरी सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "गायीसाठी."

आता एकच गोष्ट उरली होती. साकव मोडतो कशाने? ओहोटीला अनशी जुन्या साकवाच्या खांबांपाशी उतरली. मधले खांब घासलेले होते, आणि फळ्यांचे खिळे मोडलेले नव्हते, उपटलेले होते. पूर डोंगराकडून येतो, आणि खुणा तर समुद्राच्या अंगाला होत्या, जिथून होड्या येतात. ती तडक जाकू होडीवाल्याकडे गेली.

"जाकूदादा, मधल्या फळ्या कोण काढतं?"

जाकूने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "वादळात होड्या आत आणाव्या लागतात. साकव आडवा येतो. फळ्या उखडल्या नाहीत, तर होडी खांबावर आपटून फुटते. होडी गेली तर पोरं खातील काय?"

"मग आमच्या आजोबांना सांगितलं का नाही?"

"आम्ही साकवावरून कुठे जातो, बाय? खालून जाणाऱ्याला कोण विचारतं?"

अनशीने सगळ्यांना बांबूंच्या साकवापाशी एकत्र बोलावलं. लगेच भांडण जुंपलं.

"मधे कमान करा, उंच," जाकू म्हणाला.

"डोक्यावर भारा घेऊन मी चढ चढू? त्यापेक्षा तूच रोज माझा भारा पोचव," भागीवयनी म्हणाल्या.

"गुरं घसरतील," धाकू म्हणाला.

अनशीने मधल्या बांबूंना दोर बांधला आणि तेवढाच तुकडा वर ओढला. "साकव सपाट ठेवू. एवढा भाग उचलता आला तर, जाकूदादा?"

"मग झालंच की!"

"आणि परत कोण ठेवणार?"

"जो उचलेल तो. खाडीची शपथ."

"नाही ठेवलास, तर वाडीत तुझी मासळी कोण घेतं ते बघते," वयनी म्हणाल्या, आणि भांडण हसण्यात मिटलं.

साकव तसाच झाला. एकाच अंगाला कमरेइतका कठडा, सलग फळ्या आणि मधे उचलता येणारा तुकडा. श्रावणात वादळ आलं. होड्या आत शिरल्या आणि जाकूने मधला तुकडा पुन्हा जागेवर बसवला. पाऊस कोसळत असतानाच ताईला कळा सुरू झाल्या. सुईण बोचकं डोक्यावर घेऊन, कठड्याला धरून वाडीत पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

अनशी गूळखोबरं घेऊन दारोदार गेली. भागीवयनींना, धाकूला, जाकूला, गावकराला तिने एकच सांगितलं, "तुम्ही बोललात, म्हणून माझी ताई आहे." कपिलेलाही तिने गुळाचा खडा भरवला.

दसऱ्याला सुतारांच्या घरी हत्यारांची पूजा झाली. ताई बाळाला घेऊन माहेरी आली होती, आणि बाळ बाबीकाकांच्या मांडीवर होतं. सोनू गावकराने नवा विडा पुढे केला. वाडीच्या विहिरीवर रहाट बसवायचा होता.

तातू आजोबा म्हणाले, "साकव जमला, देवाची कृपा. आता मात्र रीतीने. गावकर सांगतील तेवढंच करायचं. कुणाच्या दारात जायचं नाही."

अनशी वाकसाच्या पाया पडली. मग आजोबांच्या. "लाकूड तासायला तुम्ही शिकवलंत, आजोबा. ते उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. पण हा विडा मी आज घेणार नाही. रोज पाणी ओढणाऱ्या बायकांना आधी विचारते. त्यांच्याबरोबर पाणी ओढून बघते. मग घेईन."

"आणि नियम?" बाबीकाका गरजले.

"नियम मोडला, काका. म्हणून तर ती तुमच्या मांडीवर आहे."

बाबीकाकांनी खाली बघितलं. ताईच्या मुलीने त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. विडा गावकराच्या हातातच राहिला, आणि अनशी वाडीच्या विहिरीकडे निघाली.

तात्पर्य: काम सांगणारा एक असतो, पण ते वापरणारे आणि त्याची झळ सोसणारे अनेक असतात, त्या सगळ्यांना विचारावं, त्यांच्या वाटेने स्वतः चालून बघावं, आणि जे बोलले त्यांचे उपकार विसरू नयेत.