चांदणीचा उघडा पिंजरा

रायटेकडीवरचं प्राणिसंग्रहालय बघायला आलेला माणूस धापा टाकत वर पोचतो आणि हटकून विचारतो, काळविटांच्या कुरणात हा रिकामा पिंजरा कशाला? दारही सताड उघडं. इथली सगळ्यांत जुनी वाटाडी अनसाक्का त्याला आधी दगडावर बसवते. "दम खा. जनावर पळालेलं नाही, धाडलंय," म्हणते आणि मग सांगायला लागते.

फार पूर्वी ही टेकडी म्हणे महाराजांचा शिकारखाना होती. दस्तगीर चित्तेवान इथं राहायचा आणि त्यानं माणसाळवलेली चित्त्याची मादी, चांदणी. तो बाजेवर झोपायचा, ती पायथ्याशी. त्याची बायको म्हणायची, "सवत परवडली असती, रात्रभर घुरघुरली तरी नसती."

तेव्हा खालच्या माळावर काळविटांचे कळप असत. त्यांना शेतातून हाकलता हाकलता माणसं मेटाकुटीला यायची. काय दिवस होते ते. पण शिकारीच्या हौसेपायी माळ ओस पडत गेला आणि मूठभर माद्यांमागे एकच नर उरला. नेमके तेव्हाच महाराजांकडे बडे पाहुणे आले. चित्ता शिकार कशी करतो ते त्यांना दाखवायचं कबूल झालं होतं.

बैलगाडी माळावर गेली. नर टप्प्यात आला. चांदणीच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढली की ती झेपावणार. दस्तगीरचा हात गाठीवर गेला आणि तिथंच थांबला.

"सरकार, एवढा एक राहू द्या. हा गेला की माळ संपला."

पाहुण्यांदेखत नकार ऐकून महाराजांचा पारा चढला. "शिकार करायची नाही, तर चित्ता तरी कशाला? पाहुण्यांना देऊन टाकू. बोल, कोण ठेवायचं, तो नर की ही चांदणी?"

दस्तगीर बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला, असं सांगतात. टोपी काही त्यानं काढली नाही. नर बांधाआड निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चांदणीला परमुलखात नेलं, डोळ्यांवर टोपी तशीच. जाताना तिला दस्तगीर दिसलासुद्धा नाही. "मला वाईट वाटतं ते याचंच," अनसाक्का म्हणते.

पुढे महाराजांच्याही मनाला ते खाऊ लागलं. त्यांनी बंदुका कायमच्या खाली ठेवल्या, टेकडीला कुंपण घातलं आणि उरलीसुरली काळविटं आत आणून जपली. दस्तगीरला म्हणाले, हवं ते माग. त्यानं एवढंच मागितलं, की तिचा दिवसाचा पिंजरा मोडू नका, दार लावू नका. कुंडीत पाणी मी भरीन. म्हातारपणी काठी टेकत यायचा म्हणे, पण कुंडी कोरडी राहू दिली नाही.

चांदणी काही परतली नाही. इथं वाढलेली काळविटं मात्र पुन्हा माळावर सोडतात. आजही दिवस मावळायच्या आत इथला रखवालदार ती कुंडी भरतो. अनसाक्काचं सांगणं संपता संपता एखादं पाडस उघड्या दारातून आत शिरतं आणि चित्त्याच्या कुंडीत तोंड घालून निवांत पाणी पितं.