चौकोनी बुडाचं गोल घर

“हात मांडीवर ठेव म्हटलं ना!” नीलपरी तिसऱ्यांदा ओरडली.

“नाही ठेवत!” सगुणी म्हणाली. “इतका वेळ ठेवले होते. काय उगवलं त्यातून?”

चंदेरी तळ्याकाठी हे भांडण जुंपलं होतं. सगुणी बुरडाची पोर, ठिगळांच्या परकरातली. आईची बोटं आखडली, टोपल्या विणणं थांबलं, चूल दोन दिवस थंडगार. बांबूच्या कामट्या घेऊन ती घरी निघाली होती, तोच घरटं पडून उघड्यावर आलेली तीन इवलीइवली सोनपिल्लं तिला दिसली. तिनं ती अलगद ओच्यात घेतली आणि गुलाबी उजेडातून परी उतरली.

“यांना घर दे, मी तुझ्या आईची बोटं बरी करीन,” परी म्हणाली होती. “या खडकावरून गडगडू नये, पिल्लांना कोपरा टोचू नये, असं घर. पण नियम आहे हं! हात न हलवता, जागचं न उठता, मनातल्या मनात रचून सांगायचं. तेही सूर्य बुडायच्या आत.”

गोल घर गडगडे, चौकोनी टोचे. सगुणीचं डोकं दोहोंमध्ये घिरट्या घालून दमलं. शेवटी तिनं कामटी उचलून वाकवली. कडाड्!

“मोडलीस ना! आता निघालीस कुठं?”

“तळ्यात. कामटी कोरडी वाकत नाही, भिजायला घालते. तोवर मीपण भिजते.”

“आळशे, सूर्य बघ!”

“बघितला. छान लाल झालाय.”

पिल्लं गवतात अलगद ठेवून सगुणी पाण्यात डुंबली, चिमुकल्या माशांमागं धावली, मूठभर करवंदं खाल्ली. घराचं नावही काढलं नाही. मग ओल्या कामट्या आडव्याउभ्या गुंफू लागली. बूड झालं चौकोनी. उभी टोकं बोटांनी आपसूक वर वळवली, त्यांच्याभोवती एक कामटी गरगर फिरवली आणि कोपरे मऊ वळणात विरून गेले! तोंड चांदोबासारखं गोल. सूर्य बुडायच्या आधीच पिल्लं आत शिरली, खडकावर घर ढिम्म हललं नाही.

“नियम मोडलास! काही मिळायचं नाही,” परी फणकारली.

सगुणीनं कमरेवर हात ठेवले आणि एकच वाक्य बोलली. परी आधी लाजली, मग खुदकन हसली आणि हजार निळ्या ठिणग्या होऊन उजेडात विरघळली. त्या संध्याकाळी आईची बोटं सरसर विणू लागली.

परीला गप्प करणारं ते वाक्य असं होतं:

“बाई गं, तुझा नियम पाळत बसले असते, तर तुझी पिल्लं अजून उघड्यावर कुडकुडत असती!”